कमी हवेची गाडी

टायर घरात आले त्या दुपारी मी त्यांनाच टेकून झोपले. मधल्या खोलीत भिंतीशी दोन नवे टायर उभे होते, वरचं प्लास्टिक अर्धवट फाडलेलं, आणि खोलीभर कोऱ्या रबराचा वास. बाहेर आषाढाची झड लागली होती. थांबत नाही आणि जोरही धरत नाही, तशी. अर्धवट झोपेत मला आमची पांदण दिसली. दोन्हीकडून बाभळी वाकलेल्या, मधून काळं पाणी, आणि त्या पाण्यावरून कुणीतरी काही न बुडवता चाललेलं. कोण ते कळायच्या आत जाग आली. गालावर टायरच्या दात्यांचे वळ उमटले होते आणि ताई समोर बसून हसत होती.

"झोपून राह्यली का त्याच्यावर? अजून गाडीले लागले नाई ते."

पांदण म्हणजे गावातून वावरांकडे जाणारी बैलगाडीची वाट. कागदावर आमची पांदण रस्ता आहे. प्रत्यक्षात ती उन्हाळ्यात धूळ असते आणि पावसाळ्यात चिखल. आमची माती काळी, ओली झाली की पायाला धरते आणि सोडत नाही. चार पावलं चाललं की चपलेचा गोटा होतो, म्हणून इकडे पावसाळ्यात शहाणा माणूस चपला हातात घेऊन चालतो. या पांदणीवर मी पत्रकं लिहिली आहेत. चौकात उभी राहून वाटली आहेत. "रस्ता हा उपकार नाही, हक्क आहे" हे वाक्य माझं. मी गोड बोलणाऱ्यांपैकी नाही, आणि ज्यांच्या खुर्चीखाली डांबर आहे त्यांच्याशी गोड बोलण्याची गरजही मला वाटत नाही.

पण हे टायरचं सांगायचं आहे.

ताईचा उजवा पाय लहानपणी ट्रॉलीच्या चाकाखाली आला. पाय राहिला, पायातला जोर गेला. कोरड्यात ती कुबडी घेऊन कुठेही जाते. चिखलात कुबडी रुतते, आणि रुतलेली कुबडी उपसायची तर दुसरा पाय भक्कम लागतो. दुचाकीवर चिखलात पाय टेकवावाच लागतो. बाजूला जास्तीची चाकं लावलेली स्कूटर मिळते, पण ती डांबरासाठी. आमच्या पांदणीत ती दहा हातांवर खुंट्यासारखी उभी राहील.

आमचं वावर नाल्यापलीकडे. आई होती तोवर तिनं पाहिलं, कारण बाबा एसटीत ड्रायव्हर होते आणि त्यांचा जन्म स्टेअरिंगवर गेला. आई गेल्यावर ताईनं हातात घेतलं. कपाशीत तुरीच्या किती ओळी टाकायच्या, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं, रानडुकरं कुठून शिरतात, सगळं तिला पाठ. अडचण एकच, पावसाळाभर तिला तिथे पोचता येत नसे. बैलबंडी भाड्यानं सांगायची, नाहीतर कुणाच्या ट्रॅक्टरवर लटकायचं. आणि निंदणाच्या, म्हणजे तण काढायच्या, ऐन दिवसांत बंडी नसायची आणि ट्रॅक्टर दुसऱ्याच्या वावरात असायचा.

त्या वर्षी बाबांनी सरळ सांगितलं.

"पोळ्यापर्यंत पाहू. तुह्या तुह्या जाणं जमलं तर वावर तुह्यापाशी. नाई जमलं तर ठेक्यानं देऊन टाकतो. माणूस तयार हाय."

माणूस म्हणजे ट्रॅक्टरवाला काका. नाल्यापलीकडची अर्धी वावरं त्याच्याकडेच ठेक्यानं आहेत. एकदा त्याच्याकडे गेलेलं वावर परत घरच्या माणसानं केलं, असं गावात कुणाला आठवत नाही. बाबा दुष्ट नाहीत. त्यांना वाटत होतं पोरीची ओढाताण थांबेल. पण वावर नसलेली ताई मी पाहिली आहे. पायाच्या ऑपरेशननंतर ती वर्षभर खिडकीशी बसून असे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला विचारी, कुठी चालले? तो प्रश्न मला पुन्हा ऐकायचा नव्हता.

म्हणून ती गाडी.

धरणाजवळ एक रिसॉर्ट चालू होतं, ते बंद पडलं आणि तिथलं सामान विकायला निघालं. शहरातली पोरं तिथे येऊन चार चाकांची मोटारसायकल गोल गोल फिरवत. हँडल मोटारसायकलचं, बसायचं घोड्यासारखं, चाकं फुगीर. तिला म्हणतात स्पोर्ट क्वाड. आमच्या गावात तिला ताईची गाडी म्हणतात. गिअर डाव्या पायात, रेस अंगठ्यात, पुढचा ब्रेक हातात. उजव्या पायाला फक्त मागचा ब्रेक, तो नसला तरी भागतं. आणि थांबली तरी गाडी आपली आपण उभी राहते, पाय टेकायला नको. ताईनं ती पाहिली आणि तिथेच तिच्या डोळ्यांत काहीतरी ठरलं. मी चिडले. श्रीमंतांच्या पोरांचं खेळणं! मी म्हटलंही तसं.

"खेळणं तं खेळणं," ताई म्हणाली. "खेळून घेतो."

कायद्यानं ही गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. आमच्या वावराला रस्ताच नाही, त्यामुळे कायदा मोडायचा प्रश्न आला नाही.

उन्हाळ्यात ती मजेत पळाली. पावसाळा धरला तशी पांदणीत पहिल्याच ओल्या वळणावर गाडी आडवी झाली आणि सरकत सरकत बाभळीला जाऊन टेकली. तेव्हा आम्ही टायर नीट पाहिले. टकले होते. त्यातही उजवीकडचे जास्त, कारण रिसॉर्टवर सगळी पोरं एकाच बाजूनं गोल फिरत. कितीतरी सुट्ट्यांची मौज त्या उजव्या टायरांनी सोसलेली. पुढचे दोन तरी बरे होते, ते नुसते वळण्याचं काम करतात. साखळी मागच्या चाकांना, ओढ मागून. मागचे दोन बदलायचे ठरलं.

टायर निवडायला आम्ही तिघं खाटेवर बसलो, मोबाईल मध्ये. बाबांनी जुन्या टायरवरचे आकडे आधी मोठ्यानं वाचले, एसटीची पाटी वाचावी तसे. वीस, दहा, नऊ. उंची, रुंदी आणि आतली रिम. हे तीन जुळले पाहिजेत, बाकी निवड आपली. मोबाईलवर दोन तऱ्हा मिळाल्या. एकाचे दाते उंच, कडक आणि दाट. दुसऱ्याचे बुटके, मऊ, आणि दोन दात्यांमध्ये बोट सहज जाईल इतकी मोकळी जागा.

बाबांनी पहिल्यावर बोट ठेवलं. "हा पाह्य. ट्रॅक्टरचं पिल्लू वाटून राह्यलं."

"बाबा, याचे दाते लय जवळ जवळ हायेत," ताई म्हणाली.

"जवळ हायेत म्हणूनच पकडन ना! जितके दाते तितकी पकड. उभी जिंदगी टायरवर काढली म्या, आता तू शिकवतं का मले?"

"टायर कशाले?" मी मध्ये पडले. "रस्ता मागा."

"तू माग," बाबा म्हणाले. "तोवर आमी टायर मागवतो."

शेवटी बाबांचेच, दाट दात्यांचे मागवले. मोबाईलमधला टायर दाबून पाहता येत नाही, ही बाबांची खरी तक्रार. गावात टायर ओळखायची एकच रीत आहे, अंगठा लावून दाबायचा. सायकल असो, मोटारसायकल असो, दारात गाडी लागली की येणारा जाणारा अंगठा लावतो आणि मान डोलावतो किंवा तोंड वाकडं करतो. बाबांची रीत त्याच्याही वरची. एसटीचे जुने ड्रायव्हर सकाळी गाडी काढायच्या आधी टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, एकेक टायर ठोकत आणि कान देत. हवा भरपूर असेल तर टायर टण्ण बोलतो. मागच्या जोडचाकातला आतला टायर बसला असेल तर ढप्प. बाबांची ती टॉमी अजून आमच्या दारामागे उभी आहे. लहानपणी ते आम्हाला कडेवर घेऊन डेपोत नेत, आणि धुक्यात उभ्या त्या लाल गाड्यांमधून बाबा ठोकत ठोकत फिरताना मला वाटे, ते एकेका गाडीला झोपेतून उठवतायत.

तर टणक टायर म्हणजे चांगला टायर, हे आमच्या घरात दुधाबरोबर पोटात गेलेलं.

हवा भरायला आम्ही चाकं काढून ऑटोत टाकली आणि समुद्रपूरच्या वाटेवर पंक्चरवाला काका बसतो त्याच्याकडे नेली. टायरच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं की हवा अगदी थोडी भरा. काकानं ते वाचलं आणि आम्हाला वाचून दाखवलं.

"इतकी हवा तं फुग्यात राह्यते वो भाऊ."

"छापाची चूक असन," बाबा म्हणाले. "टणक कर."

काकानं टणक केली. टायर टरारून फुगले, मधोमध पोट काढून. बाबांनी टॉमी सोबत आणलीच होती. ठोकली. टण्ण! त्यांच्या चेहऱ्यावर डेपोतली सकाळ उतरली. मलाही त्या आवाजाचं सुख वाटलं, हे खरं.

निंदणाच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. धुकं इतकं की पुढची बाभूळ दिसत नव्हती, फक्त तिच्यावरचा पक्षी ऐकू येत होता. निंदणाऱ्या बाया आधीच पांदणीच्या कडेकडेनं, चपला डोक्यावरच्या टोपल्यात टाकून, अनवाणी पुढे गेल्या होत्या. त्यांची म्होरकी एक मावशी आहे, पलीकडच्या पाड्यावरची. त्या बाया आपसात गोंडीत बोलतात आणि आमच्याशी आमच्यासारखं. कामाला त्या कुणाच्याही बांधील नाहीत. मालक वावरात असेल तर काम, नसेल तर पुढचं वावर.

नाल्याच्या उतारापर्यंत गाडी गेली. उतरलीही. पलीकडच्या चढावर ताईनं अंगठा दाबला आणि चाकं फिरायला लागली, पण गाडी हलेना. मी उतरून पाहिलं. दात्यांमधल्या फटीत चिखल ठासून भरला होता, वरून गुळगुळीत. ट्रॅक्टरचं पिल्लू गेलं कुठं कुणास ठाऊक, तिथे दोन काळे गोटे गरगर फिरत होते. मी खुरपीनं चिखल काढायची. ताई अंगठा दाबायची. चाक एकदा फिरलं की पुन्हा गोटा. किती वेळ गेला सांगता येत नाही. धुक्यात वेळ कळतही नाही. ते सगळं पांढरं होतं आणि त्यात फक्त आम्ही दोघी, इंजिनाचा रडका आवाज आणि रबर तापल्याचा वास. मला वाटत होतं, हेच ते स्वप्न, फक्त कुणीतरी त्यातलं चालणं काढून घेतलंय.

धुकं उठलं तेव्हा समोरच्या चढाच्या वर बाया दिसल्या. ट्रॅक्टरवाल्या काकाच्या वावरात ओणव्या झालेल्या.

दुपारी परत येताना मावशी आमच्यापाशी थांबली. "मालकीणच नाई तं कोन सांगन कोठून धराचं? पोट हाय ना आमाले बी."

"बरोबर हाय मावशी," ताई म्हणाली.

बरोबर नव्हतं. मी तिथल्या तिथे मनात पत्रकाचा मजकूर जुळवायला घेतला. पण शिवी कुणाला द्यायची हे ठरेना. चिखलाला पत्रक वाटता येत नाही.

कपाशीत तण चढत होतं आणि पोळा जवळ येत होता. ट्रॅक्टरवाला काका एकदा सहज म्हणून ओसरीवर बसून गेला. त्यानं वावराचं नावही काढलं नाही. गाडीच्या टायरला अंगठा लावला, "टणक हाय," म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

मग बाभळीचा काटा लागला.

ताई एकटीच पांदणीत जाऊन जमेल तिथवर जायची आणि माघारी यायची, जणू वाटेशी भांडत होती. एक दिवस ती आली ती गाडी डावीकडे कललेली. मागच्या डाव्या टायरात काटा. हवा निम्म्याहून जास्त गेलेली. मी काटा शोधायला वाकले तर ती म्हणाली, "राहू दे. आधी चाल माह्यासंग."

तिनं मला गाडीवर मागे बसवून पांदणीत नेलं आणि उतरून कुबडीनं दाखवलं. चिखलात चाकांच्या खुणा होत्या. उजव्या चाकाची खूण म्हणजे एक अरुंद, गुळगुळीत पन्हाळी. डाव्याची रुंद आणि उथळ होती, आणि तिच्यात दाते उमटले होते. सगळे नाही, पण उमटले होते.

"बसलेलं चाक वढून राह्यलं," ती म्हणाली. "फुगलेलं नुसतं खोदून राह्यलं."

आम्ही तिथे बराच वेळ उभ्या होतो. खुणांमध्ये पाणी झिरपत होतं आणि त्यात आभाळ येत होतं. टणक चाक फक्त पोटावर टेकतं, मऊ झालं की अंग पसरून बसतं. अनवाणी पाय चिखलात बोटं पसरतो, तसं. आमच्या गावातल्या प्रत्येक पायाला जे कळतं ते आमच्या कुणाच्याही टायरला कधी कळू दिलं नव्हतं.

ताईनं तिथेच वाकून उजव्या टायरच्या व्हॉल्व्हमध्ये काडी घातली. फुस्स करून हवा गेली. इतकं सोपं होतं की मला राग आला.

काट्याचं भोक बुजवलं, हवा तेवढीच ठेवली, तरी पुरलं नाही. गाडी चढाच्या मध्यापर्यंत गेली आणि दाते बुजले. दाट दात्यांतून चिखल सुटतच नव्हता. तो सुटायला जागा लागते. बाबा कामानं समुद्रपूरला गेले त्या दुपारी ताईनं अंगणात चाकं आडवी टाकली, धारेचा चाकू साबणाच्या पाण्यात बुडवला आणि एक सोडून एक दाता कापायला सुरुवात केली. तळाशी थोडं रबर राखून, म्हणजे टायर उघडा पडू नये. मी टायर धरून बसले. कोरं रबर कापताना कुरकुरतं, ओलं केलं की सरळ कापलं जातं. ऊन पडलं होतं, सोयाबीनवरून वारा येत होता, आणि ताईच्या हाताखालून काळे ठोकळे एकेक करून मातीत पडत होते. तिनं मागचे मडगार्डही काढून ठेवले, त्यात चिखल अडकतो म्हणून. इकडे पावसाळ्यात कितीतरी जण मोटारसायकलचा मडगार्ड काढतात. आम्हालाच सुचलं नव्हतं, कारण गाडी शहराकडची होती आणि शहराच्या वस्तूला हात लावायला माणूस भितो.

बाबा आले तेव्हा शेवटचे दोन-तीन दाते उरले होते. ते फाटकातच थांबले.

"हे काय करून राह्यली?"

"बाबा, दाट होते ना. चिखल सुटत नोता."

"नवा टायर हाय तो." त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "नवा. कोरा. एसटीत आमी रिमोल्ड टायर घासून घासून चालवले, अन् तू नवा कापतं?"

मी तोंड उघडलं. माझ्यापाशी उत्तर होतंच, माझ्यापाशी नेहमी असतं. ताईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी टायर पुन्हा धरला. बाबांनी वाकून कापलेले ठोकळे वेचले, एकेक, आणि टोपीत घेऊन आत गेले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पाण्याच्या टाकीच्या स्टँडखाली, चारही पायांना, ते बसवलेले. स्टँड कित्येक वर्षं डुगडुगत होता. बाबा एवढंच म्हणाले, "पोळा येऊन राह्यला."

मावशीनं पुन्हा एक दिवस दिला होता. शेवटचा, असं तिनं म्हटलं नव्हतं, पण आम्हाला कळत होतं. या वेळी गाडीवर ताई, मागे मी, आणि माझ्या मांडीवर खताची पिशवी. ओढ मागच्या चाकांची, म्हणून वजन मागे पाहिजे. चळवळीत मी कार्यकर्ती आहे. गाडीवर मी वजन होते.

गावातून निघालो तर प्रत्येक ओसरीवरून हाक.

"ताई, हवा कमी हाय!"

"ओ ताई, मांगचं चाक बसलं!"

"पंक्चर हाय वो, पंक्चर!"

ताई प्रत्येकाला हात करत होती. "हाव ना काका, माहीत हाय! हाव ना वहिनी!" एक आजोबा काठी टेकत अर्धं अंगण धावत आले. मी हसून हसून पिशवी सोडायच्या बेतात. पांदणीच्या तोंडाशी बाबा उभे होते. ते कधी पुढे गेले होते कळलं नाही. त्यांनी मागच्या टायरकडे पाहिलं. दाबलेला, चपटा, मधूनमधून दात पडलेला. त्यांचा हात अंगठा लावायला पुढे आला आणि मागे गेला.

"हवा कमी हाय," तेही म्हणाले. हळू.

पांदणीत शिरल्यावर आवाज बदलला. आधी इंजिन ओरडायचं, आता ते गुणगुणत होतं. ताई अंगठा अगदी अलगद दाबत होती. मागे चिखलाचे लपके सुटत होते. दात्यांतून निघून बाजूला पडत होते, जणू टायर बोटं झटकत होता. नाल्यात पाणी होतं, घोट्याएवढं आणि स्वच्छ. आम्ही त्यातून गेलो तेव्हा गाडीचा आवाज क्षणभर पाण्यात विरला, आणि मग चढ. मी डोळे मिटले. अंग मागे ओढलं गेलं, पिशवी पोटात रुतली. गाडी थांबेल, आता थांबेल, असं वाटत राहिलं, आणि ती वर जात राहिली. सावकाश, बैल चढतो तशी, खांद्यानं. डोळे उघडले तेव्हा समोर कपाशी होती, आणि कपाशीपेक्षा जास्त तण, आणि त्या सगळ्यावर ऊन.

बाया धुऱ्याच्या बांधावर बसल्या होत्या. त्या गोंडीत काहीतरी बोलल्या आणि एकदम खिदळल्या.

"आली का वो मालकीण!" मावशी उठली. "पंक्चर गाडीवर आली!"

"आली ना मावशी. त्या कोपऱ्यातून धरा. तिकडं पाणी साचते."

बास, एवढंच. ताई खाली उतरली, कुबडी घेतली आणि ओळीतून चालायला लागली. मी गाडीवर बसून राहिले. मला रडू येत होतं आणि ते कोणत्या मागणीत बसवायचं हे कळत नव्हतं.

त्या दिवसापासून ती रोज गेली.

बायांपैकी कुणीतरी गाडीचा व्हिडिओ काढला होता आणि तो फिरला. मी पांदणीचं निवेदन घेऊन कचेरीत गेले तेव्हा टेबलापलीकडच्या साहेबांनी कागद वाचलाच नाही. मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यात ताई चढ चढत होती आणि मागे मी, डोळे मिटून.

"जाता तर आहात की मॅडम," ते म्हणाले. "मग रस्ता कशाला?"

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. शिपाई आत डोकावून गेला इतपत बोलले. घरी येऊन माझा राग ताईवर निघाला. तुझ्या टायरनं माझी मागणी खाल्ली, असं काहीसं. ती तूर निवडत होती.

"तू रस्ता माग," ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "म्या कुठी नको म्हटलं? पण रस्ता झाल्यावर तण उपटता येत नाई. तण आता हाय."

"अन् त्यांनी हाच व्हिडिओ दाखवून रस्ता नाकारला तर?"

"तं तूच सांगजो त्याले. त्या गाडीवर एक माणूस नुसतं वजन म्हणून बसवावं लागते, म्हणून सांगजो. सगळ्याईच्या घरी तुह्यासारखी रिकामी बहीण नसते."

पुढच्या पत्रकात मी ते घातलं, थोडं नीट करून. माझ्या लिहिलेल्यात तेवढंच लोक अजून म्हणून दाखवतात.

पोळ्याच्या दिवशी बैलांना सुट्टी. ताईच्या गाडीला नव्हती, कारण रानडुकरांना सण नसतो. ती सकाळीच वावर पाहायला गेली. मी घरी पुरणाला बसले होते. बाबा अंघोळ करून ओसरीवर, आणि तेवढ्यात ट्रॅक्टरवाला काका आला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पायात नवा बूट, कपाळाला गुलाल.

"मंग भाऊ," तो बसता बसता म्हणाला. "पोळा आला. वावराचं काय ठरवलं?"

मी लाटणं खाली ठेवलं. बाबा दाराबाहेर पाहत होते. गल्लीतून बैल चालले होते, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं, आणि त्या आवाजात सगळं गाव तरंगल्यासारखं झालं होतं.

"मले काय विचारतं?" बाबा म्हणाले. "ज्याचं वावर त्याले विचार."

"म्हंजे?"

"पोरीले. वावरात हाय ते. नाल्यापल्याड."

काकानं पांदणीच्या दिशेनं पाहिलं. रात्रभर पाऊस झाला होता. मग त्यानं आपल्या बुटांकडे पाहिलं. पोळ्याला ट्रॅक्टरही धुऊन, हळदीकुंकू लावून उभा असतो.

"येईन ना ते घरी," तो म्हणाला.

"येईन. पण मंग तिले पुन्हा जाचं राह्यते," बाबा म्हणाले. "लय काम असते तिले."

काका हसला. बाबाही हसले. पुरणपोळी खाऊन तो गेला.

दुपारी ताई आली. चाकं नाल्याच्या पाण्यानं धुतलेली, काळीभोर, चपटी. बाबा दारामागून टॉमी घेऊन बाहेर गेले. मला वाटलं, आता पुन्हा. ते वाकले, मागच्या टायरवर ठोकली आणि कान दिला.

ढप्प.

दुसऱ्या टायरवर. ढप्प.

ते तसेच वाकून राहिले, आवाज पूर्ण जाईपर्यंत. मग उजवीकडच्या टायरला अंगठा लावला. अंगठा आत गेला.

"याच्यात जरा जास्त हाय," ते म्हणाले. "काढ."

ताईनं काडी घातली. फुस्स. बाबांनी पुन्हा ठोकून पाहिलं, डाव्या-उजव्याचा आवाज जुळेपर्यंत. मग टॉमी माझ्या हातात दिली आणि धोतर वर खोचलं.

"चाल," ते ताईला म्हणाले. "पाह्यतो तरी, तुरी कशा हायेत."

"मांगं बसा बाबा. पार मांगं. वजन लागते."

"मी वजन म्हणून का?"

"हाव."

उभ्या जन्मात दुसऱ्याच्या हाताखालच्या गाडीत ज्यांना झोप लागली नाही, ते बाबा मागे बसले, ताईच्या खांद्याला धरून. गाडी पांदणीत शिरली आणि बाभळींनी ती झाकून घेतली. मी टॉमी धरून उभी राहिले. आवाज बराच वेळ येत राहिला, गुणगुणता, मध्येच नाल्याच्या पाण्यात विरलेला, आणि मग चढावर पुन्हा उगवलेला.